चंद्रही तेवढ्याच अंतरावर आहे

रविवार असल्यामुळे कारखान्याच्या भोंग्याची घाई नव्हती. अच्युतराव परसात पेरूच्या झाडाला आरसा टांगून दाढी करत होते आणि रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होत्या. हात सवयीनं चालले होते, मन मात्र शुक्रावर होतं. शुक्र किती तापलेला आहे ते लोकांना कसं सांगावं? साडेचारशे अंशांच्या वर म्हटलं तर कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहणार नाही. शिसं वितळेल इतका, असं म्हणावं. निम्मी सभा कारखान्यातली, निदान ते तरी मान डोलावतील.

संध्याकाळी भोपाळच्या ह्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांचं व्याख्यान होतं. दरवर्षी त्या दिवशी इंदूर-उज्जैनचा कुणी कीर्तनकार यायचा. पण ह्या वर्षी, शहाण्णव साली, ऑगस्टात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की मंगळावरून येऊन पडलेल्या एका दगडात जुन्या जीवांच्या खुणा असाव्यात. झालं! कँटीनपासून भाजीबाजारापर्यंत सगळे मंगळावर बोलू लागले. मंडळाचे सेक्रेटरी दिगंबर साठे घरी येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही फिजिक्सच्या बी.एस्सी. टाउनशिपचे दिवे गेले की पोरांना मैदानावर नेऊन तारे दाखवता. मग बाहेरून माणूस कशाला आणायचा?" विषय रत्नप्रभाबाईंनीच दिला होता, 'जगण्याजोगा ग्रह'.

मोहरी तडतडली आणि त्याच वेळी दार वाजलं.

"अहो, बघा हो कोण आहे!"

"तोंडाला साबण आहे!" परसातून उत्तर आलं.

गॅस बारीक करून त्यांनी दार उघडलं. तिशीतलं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात हेल्मेट, बायकोच्या हातात बिट्टन मार्केटच्या मिठाईवाल्याचा पुडा.

"नमस्ते काकू. मी श्याम फाळके, कारखान्यात स्विचगियर विभागात आहे. ही सुचेता. काका ऑक्टोबरात रिटायर होताहेत ना, म्हणून म्हटलं जरा क्वार्टर पाहून यावं. सकाळी-सकाळी परेशान केलं तुम्हाला."

टाउनशिपमध्ये ही रीतच होती. कुणाची निवृत्ती जवळ आली की क्वार्टरच्या यादीत पुढे असलेली माणसं त्याचं घर बघून जायची. घरात संसार चालू असतानाच भिंतींची ओल, नळाची धार, मोरीचा उतार पाहायची, आणि घरातल्या बाईनं त्यांना चहा पाजायचा. शेजारपाजारी असे पाहुणे येताना रत्नप्रभाबाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. आपल्या दारात मात्र ते पहिल्यांदाच उभे होते.

"या ना. पोहे होताहेत, खाऊनच जा," त्या म्हणाल्या.

श्यामनं खोल्या पाहिल्या, खिडक्यांच्या कड्या लावून-काढून बघितल्या. सुचेता मात्र सरळ चालत परसात गेली आणि तोंडल्याच्या मांडवाखाली थांबली.

"अय्या! इथे किती थंड आहे हो! आम्ही करोंदला राहतो, काकू. मंडीचे ट्रक दिवसभर. पंखा लावला की धूळच फिरते नुसती." तिनं मान वर करून वेलाकडे पाहिलं. "हे सगळं आधीपासून होतं?"

"आधी काय होतं म्हणतेस? मुरूम होता."

तोवर एका गालाला साबण तसाच ठेवून अच्युतराव पुढे आले. पाहुण्यांची ओळख पटताच त्यांचा चेहरा खुलला. "बघा, निवांत बघा. आणि ह्याची चिंता करू नका." त्यांनी दाढीच्या ब्रशनं मांडव, लिंबू, पेरू, मोगऱ्याचे वाफे असं सगळं एका फेरीत दाखवलं. "हे सगळं निघणार. सदुसष्ट साली घेतला तसाच्या तसा क्वार्टर परत देणार आहे मी. ड्रॉइंगप्रमाणे."

रत्नप्रभाबाई हातातली ताटली धरून उभ्याच राहिल्या. हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"काका, राहू द्या की. आम्हाला तर चांगलंच आहे," श्याम म्हणाला.

"तुम्हाला चांगलं आहे हो. पण जास्तीचं केलेलं बांधकाम काढून द्यायचं असा नियम आहे."

"अहो, तोंडल्याचा वेल कधीपासून बांधकाम झाला?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मांडवाचे पाइप सिमेंटमध्ये रोवलेत. मीच रोवलेत, मला माहीत नाही?"

"आणि लिंबू?"

"लिंबू भिंतीपासून दोन फुटांवर आहे. मुळं घराच्या पायात शिरतात." मग सुचेताकडे वळून ते प्रेमानं म्हणाले, "तुम्हाला कोरी जागा मिळायला हवी, पोरी. आमचं जुनं सामान तुमच्या गळ्यात कशाला?"

सुचेता हसू दाबत म्हणाली, "काका, तुम्ही क्वालिटी कंट्रोलमध्ये ना? हे सांगत होते, तुमच्या टेबलावरून कुणाचं काम पास झालं की लोक मिठाई वाटतात म्हणे."

अच्युतरावांना ते फार आवडलं. पोहे खाताना ते भरभरून बोलत होते. कोथरूडला सुभाषचा, म्हणजे मुलाचा, फ्लॅट झालाय, त्यात आई-वडिलांची वेगळी खोली आहे, दिवाळी तिकडेच. "बत्तीस वर्षं नोकरीपायी काढली इथे," ते म्हणाले, "आता आपल्या माणसांत जायचं." रत्नप्रभाबाईंनी सगळ्यांना पुन्हा थोडे थोडे पोहे वाढले.

पुण्याला जायचं नाही, हे वाक्य त्यांच्या मनात गेलं वर्षभर तयार होतं. तोंडापर्यंत ते कधी आलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा पुण्याच्या नावानं असा उजळायचा की त्यांचं धाडस व्हायचं नाही. त्या माणसानं बत्तीस वर्षं दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी, शनिवारच्या नाटकासाठी, भावाच्या घरी सहज चालत जाण्यासाठी जीव टाकला होता. त्याच्या आनंदावर विरजण कसं घालायचं? आता मात्र दीडच महिना हाताशी उरला होता.

त्या स्वतः चौसष्ट साली कोल्हापूरहून लग्न होऊन आल्या तेव्हा एम.एस्सी.ला नाव घालून झालं होतं. प्राध्यापकांनी एकदा वेधशाळा दाखवायला न्यायचं कबूल केलं होतं. लग्न ठरलं, दोन्ही राहिलं. कुणी जबरदस्ती केली नाही, आणि कुणी विचारलंही नाही. इथे आल्यावर पाहिलं तर सपाट माळ, मधोमध कारखान्याची शेड आणि चुन्यानं आखलेले रस्ते. कुदळ मारली की खाली खडक, ठिणगीच उडायची. मे महिन्यात लू सुटली की दुपारी दाराची कडीसुद्धा हाताला चटका द्यायची. "दोन वर्षांत बदली करून घेतो," अच्युतराव म्हणाले होते. त्या आशेवर रत्नप्रभाबाईंनी भिंतीला दोनच खिळे ठोकले आणि जमिनीत काहीही लावलं नाही. जे सोडूनच जायचं तिथे कशाला? संध्याकाळी दक्षिणेला तोंड करून त्या पायरीवर बसायच्या, कारण कोल्हापूर त्याच बाजूला कुठेतरी खाली होतं.

ह्या क्वार्टरमध्ये आल्यावर खरकटं विसळलेलं पाणी जिथे फेकायच्या तिथे लिंबाचं रोप उगवलं. पिळलेल्या फोडीतलं बी असणार. उपटायला वाकल्या आणि त्यांना वाटलं, असू दे, आपण गेल्यावर वाळेल आपोआप. मग त्याला सावली हवी म्हणून दोन काठ्या आल्या. काठ्यांवर वेल आला. करोंदच्या बाजूनं येणाऱ्या गाडीवाल्याकडून काळी माती आली, पालापाचोळा साठला, मातीत गांडुळं झाली, बुलबुल आले. एका उन्हाळ्यात त्यांच्या ध्यानात आलं की समोरच्या व्हरांड्यापेक्षा परसातली हवा निराळी लागते. त्यानंतर केव्हातरी आईच्या दिवसांना कोल्हापूरला गेल्या असताना, तिथल्या ओळखीच्या गल्लीत उभं राहून, आज मोगऱ्याला कुणी पाणी घातलं असेल का, ह्या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, आईच्या आठवणीनं. ओढीचं टोक केव्हा फिरलं हे त्यांनाही कळलं नव्हतं.

पाहुणे गेले. जेवण झालं. डोळा लागतोय न लागतोय तोच परसातून आवाज आला, कट्. मग पुन्हा कट्. पक्कड घेऊन अच्युतराव स्टुलावर चढले होते आणि मांडवाच्या तारा तोडत होते. एका बाजूचा वेल खाली लोंबत होता.

"अहो, आजच?"

"रविवारच उरलेत किती? थोडं थोडं करत गेलं म्हणजे शेवटी धावपळ नको."

त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर काम नीट चालल्याचं समाधान. त्यांना ओरडून थांबवावं असं रत्नप्रभाबाईंना फार वाटलं. त्यांनी स्टूल धरलं, पडतील म्हणून. चार तारा आणखी तुटल्या. मग त्या आत जाऊन व्याख्यानाला नेसायची साडी काढू लागल्या.

मंडळाच्या हॉलमध्ये गर्दी बरी होती. मंगळाची हवाच होती तशी. आरती झाली, साठ्यांनी ओळख करून दिली आणि रत्नप्रभाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या. तिसऱ्या रांगेत अच्युतराव हाताची घडी घालून बसले होते. मागच्या बाजूला श्याम आणि सुचेताही दिसले.

सुरुवात त्यांनी दुसऱ्या सूर्यांपासून केली. मागच्याच वर्षी एका दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला, गुरूसारखा अवाढव्य, पण आपल्या सूर्याला इतका चिकटलेला की चार दिवसांत एक फेरी. "म्हणजे तिथे चार दिवसांचं वर्ष," त्या म्हणाल्या.

"मग चार दिवसांत इन्क्रिमेंट!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आणि चार महिन्यांत रिटायर!" दुसरा म्हणाला. हॉल हसला.

"पण तिथे राहणार कोण? भट्टीच ती. ग्रहावर राहायचं तर पाणी पाणीच राहायला हवं, वाफही नको आणि बर्फही नको. त्यासाठी सूर्यापासून बेताचं अंतर लागतं. सासरसारखं. फार जवळ असलं तरी पंचाईत, फार लांब असलं तरी पंचाईत."

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. रत्नप्रभाबाईंना धीर आला.

"आता मला सांगा, अंतर बेताचं असलं की झालं का?"

"झालं!" पुढची दोन-चार मुलं म्हणाली.

"मग चंद्र बघा. चंद्रही सूर्यापासून आपल्याइतक्याच अंतरावर आहे. तेच ऊन, तीच जागा. पण तिथे गवताचं पातं नाही. का? चंद्र लहान आहे, त्याला हवा धरून ठेवता येत नाही. मंगळ थोडा मोठा, पण तोही कमीच पडला. त्याच्या पोटातली ऊब लवकर विझली, चुंबकाचं कवच गेलं, हवा विरत गेली. एके काळी तिथे पाणी वाहिलं असावं, त्याच्या वाटा अजून दिसतात. शुक्र तर आकारानं आपल्या पृथ्वीचा भाऊच. पण त्याच्या हवेचं पांघरूण इतकं जाड आहे की आत आलेली उष्णता बाहेर पडत नाही. शिसं वितळेल तिथे."

कारखानेवाल्यांनी माना डोलावल्या.

"हवा अशी असते. तिच्यावाचून चालत नाही, आणि ती बदलली तर…" त्या थांबल्या. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "हवा म्हणजे काय ते भोपाळच्या माणसाला कुणी शिकवायला नको. त्या डिसेंबरात गॅस सुटला तेव्हा वारा आपल्या बाजूला वळला नाही, म्हणून आपण इथे बसलोय. त्या आठवड्यात आपल्यातल्या कितीजणींनी तिकडून पळून आलेल्या अनोळखी बायकांना घरात झोपवलं. माझ्या परसात एक म्हातारी मांडवाखालून उठायलाच तयार नव्हती. म्हणायची, यहाँ साँस आती है."

मग मंगळावरच्या त्या दगडाकडे वळून त्यांनी व्याख्यान पुरं केलं.

शेवटी साठ्यांनी प्रश्न विचारायला सांगितलं. मंगळावर क्वार्टर निघाले तर ते सीनियॉरिटीनं मिळतील का, असं एकानं विचारून घेतलं. मग सुचेता उभी राहिली. "काकू, मला एक सांगा. ग्रह पहिल्यापासूनच राहण्यासारखा असतो, की राहणारे त्याला तसा बनवतात?"

रत्नप्रभाबाईंनी माइक जवळ ओढला.

"पहिल्यापासून थोडाफार लागतोच. पाणी लागतं, मजबूत जमीन लागते, सूर्य धीराचा लागतो, भडकणारा नको. पण आपण आत्ता जो श्वास घेतोय ना, तो पृथ्वीवर आधी नव्हता. हवेत प्राणवायू मोकळा नव्हताच मुळी. समुद्रात अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव होते. ते उन्हावर जगत होते आणि प्राणवायू सोडत होते. कोट्यवधी वर्षं. आधी तो समुद्रातल्या लोखंडानं खाल्ला, गंज झाला त्याचा. तरी ते सोडतच राहिले. मग केव्हातरी तो हवेत उरायला लागला. आपल्यासाठी केलं नाही त्यांनी ते. ते आपले जगत होते तिथे. पण त्यांच्या जगण्यानं जागा बदलली." बोलता बोलता त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. "पृथ्वी पहिल्या दिवशी जशी मिळाली तशी कुणी परत द्यायची म्हटली, तर त्यात आपणच उरणार नाही."

अच्युतरावांनी घडी घातलेले हात सोडले आणि गुडघ्यांवर ठेवले.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. प्रसादाचं खोबरं हातात घेऊन दोघं चालत घरी निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं आता एवढी वाढली होती की वर एकमेकांत मिसळली होती.

"चांगलं झालं," अच्युतराव म्हणाले. "लोखंडाच्या गंजाचं मला माहीत नव्हतं." थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "ती म्हातारी मला आठवते. चार दिवस होती ना?"

"आठवडाभर होती."

घरी आल्यावर ते कपडेही न बदलता परसात गेले. रत्नप्रभाबाई दारातल्या पायरीवर बसल्या. मांडवाची अर्धी बाजू उघडी पडली होती. खाली लोंबणाऱ्या वेलाची पानं दुपारपासूनच मलूल झाली होती. अच्युतरावांनी तो वेल दोन्ही हातांनी उचलून पाइपावर टाकून पाहिला. तो पुन्हा घसरला.

"तार आणतो उद्या," ते म्हणाले. "राहू दे हे. क्वार्टर ताब्यात घेताना सिव्हिलवाल्यांनी विचारलंच तर बघू. ती पोरगी तर ठेवाच म्हणत होती."

"ठेवा. तिला आवडेल."

"मग आता काय? मगापासून बघतोय, तोंडावर काहीतरी आहे तुझ्या. पास-फेल काय ते सांगून टाक."

त्यांना हसू आलं आणि रडूही. किती दिवस त्या हे बोलणं चांगलं मांडता यावं म्हणून थांबल्या होत्या. आता मांडायची गरज वाटेना.

"अहो, मला पुण्याला यायचं नाही असं नाही. तुम्ही इतकी वर्षं वाट पाहिलीत, ते मला दिसत नाही का? पण इथे मी तुमच्या नेमणुकीनं आले आणि तुमच्या निवृत्तीनं निघाले. बत्तीस वर्षांत मी इथे राहते असं मी एकदाही म्हटलं नाही. पहिली दोन वर्षं तर दोनच खिळ्यांवर काढली."

अच्युतराव पायरीवर त्यांच्या शेजारी येऊन बसले. "घर ह्या मुलांना द्यावंच लागेल, रत्ना."

"घर द्या हो. घर नकोच आहे मला." त्यांनी पदरानं चेहरा पुसला. "इथल्याच सोनागिरी वसाहतीत रिटायर झालेली कितीतरी माणसं राहतात. आपणही तिथे दोन खोल्या भाड्यानं घेऊ. एक वर्ष मला भोपाळमध्ये माझ्या मर्जीनं राहू द्या. मग पुण्याला जाऊ."